हवा सोडायची नाही

सोयगावकडं आमच्या गावाजवळ एक जिनिंग होती. कापूस बरा असला की तिचा भोंगा दिवाळीपासून होळीपर्यंत वाजायचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्या जिनिंगचा ट्रॅक्टर चालवायचे आणि आई तिथंच सरकी निवडायची. पाऊस रुसायला लागला तसा एका वर्षी भोंगा संक्रांतीलाच बंद पडला आणि पुढच्या वर्षी वाजलाच नाही. त्या हिवाळ्यात घरात भाकरी होती, पण भाकरीबरोबर काय, हा प्रश्न आई रोज नव्यानं सोडवायची. चुलते येऊन सांगून गेले, "पोरीला माघारी आण, कशाला थाट पाहिजे?" अण्णा म्हणाले, "ती यील तवा डिग्री घिऊनच यील." चुलते परत आले नाहीत.

मी तेव्हा औरंगाबादला बी.एस्सी. करत होते. आता शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर आहे, पण माझ्या तोंडात अजून जुनंच येतं. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी कुठंही सांगते, कुणाला मिरवणं वाटलं तर वाटो.

शेवटच्या वर्षाला अण्णा स्वतःच शहरात आले. शेंद्र्याच्या बाजूला एका शेठचे पाण्याचे टँकर होते. तिथं त्यांना ड्रायव्हरकी मिळाली. झोपायचे टँकरच्या अड्ड्यावरच. गाडी जुनी, मागचे टायर रिमोल्ड, म्हणजे झिजलेल्यावर नवं रबर चढवलेले. शेठनं पहिल्याच दिवशी बजावलं, "हा सीझन ह्याच टायरवर काढायचा. टायर गेला की गाडी उभी, अन् गाडी उभी की तू मोकळा." त्याच आठवड्यात जालना रोडला अड्ड्यावरच्या दुसऱ्या एका टँकरचा टायर भर दुपारी फुटला. गाडी पाण्यासकट कलंडली. अण्णा मागच्या गाडीत होते. ड्रायव्हर त्यांचा गावाकडचा दोस्त. तो वाचला, पण त्याचा पाय राहिला नाही.

तेव्हापासून माझी दुपार गेली. अण्णांची शेवटची खेप उतरली की ते मला मिस्डकॉल द्यायचे, पैसे न लागता निरोप. तो येईपर्यंत मी लायब्ररीत एकच पान वाचत बसायचे. टायर टिकला तर पगार, पगार आला तर परीक्षा. आणि टायर फुटला तर काय, ते मी मनातसुद्धा पुरतं म्हणत नव्हते.

अशा मनःस्थितीत मी ज्या बाईंच्या घरी भाड्यानं राहत होते, त्यांना जगात एकच काळजी होती. टायरची.

मॅडम फिजिक्स शिकवून रिटायर झालेल्या. घराणं मूळचं पूजाअर्चेचं, पुढं कारकुनीतलं. लग्न केलेलं नाही. उंच, हाडापेरानं रुंद, केस कानाच्या वर कापलेले. तरुणपणापासून मोटारसायकल चालवणाऱ्या. भाचा परदेशी गेला आणि आपली दणदणीत स्पोर्ट टूरिंग मोटारसायकल "विकून टाक मावशी" म्हणून ठेवून गेला. मावशीनं विकली नाही. निळी, पुढं वाऱ्याला आडवी काच, मागं दोन्ही अंगाला पेट्या, दिवसभर धावून न दमणारी गाडी. तिचे टायर शहरात मिळत नव्हते. पुण्याहून मागवायचे, तेही वाट बघून. त्यामुळं आहे तो टायर जगवायचा, हा मॅडमच्या घरातला पहिला कायदा होता.

खोली दाखवतानाच त्या म्हणाल्या, "भिंतीला खिळा ठोकायचा नाही."

मला वाटलं भिंतीचा रंग जाईल म्हणून.

"भिंतीचं काही नाही गं. खिळा आज भिंतीत, उद्या केरात, परवा रस्त्यात. तिथून माझ्या टायरमध्ये."

माझं कॅलेंडर तीन वर्षं खिडकीच्या गजाला सुतळीनं लटकत होतं.

रोज ऊन अंगणात उतरायच्या आत त्या गेज घेऊन टायरपाशी उकिडव्या बसायच्या. हवा मोजायची ती टायर गार असताना, गाडी हलायच्या आधी. एकदा चाललेल्या टायरची हवा मोजणं म्हणजे पळून आलेल्या माणसाची नाडी बघणं, असं म्हणायच्या. गाडी फरशीवर उभी करायच्या नाहीत, चाकाखाली लाकडी फळी. उन्हाच्या बाजूच्या चाकावर त्यांच्या आईचं जुनं नऊवारी घडी करून टाकलेलं. साखळी रॉकेलनं आणि दात घासायच्या जुन्या ब्रशनं साफ व्हायची, मग तिला कडीकडीनं तेल. नळाला पाणी आठवडा-आठवडा यायचं नाही, तेव्हा त्या गाडी ओल्या फडक्यानं पुसायच्या आणि ते फडकं कढीपत्त्याच्या झाडावर पिळायच्या.

सगळ्यात कहर म्हणजे त्यांची काठी. शहागंजातल्या भंगारवाल्याकडून त्यांनी लाउडस्पीकरचं मोठं चुंबक आणलं होतं. ते काठीच्या टोकाला बांधून त्या रस्ता झाडल्यासारख्या फिरायच्या. आमची कॉलनी तेव्हा शहराच्या टोकाला होती आणि शहर तिला ओलांडून पुढं पळत होतं. जिकडं बघावं तिकडं बांधकाम, सेंट्रिंगच्या फळ्या, सळया, बाइंडिंगची तार. चुंबकाला दाढी फुटल्यासारखे खिळे लागायचे. मॅडम ते डालड्याच्या डब्यात झटकायच्या आणि म्हणायच्या, "लोक म्हणतात शहर वाढतंय. मला विचार, कुठल्या बाजूला वाढतंय ते."

समोरच्या काकू गॅलरीतून ओरडायच्या, "मॅडम, आमच्या दारापुढचं पण झाडून घ्या हो!"

"दारापुढचं तुमचं. रस्त्यावरचं माझं," मॅडम मान वर न करता म्हणायच्या.

पंक्चरसाठी त्या शहागंजातल्या एकाच चाचांकडं जायच्या. चाचा निम्मं आयुष्य पाण्याच्या टबात बुडबुडे बघत घालवलेले. मॅडम चाकाजवळ बसून त्यांच्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवायच्या. "जरा हळू, चाचा." "रिमला लागेल." "तो पान्हा नको, दुसरा घ्या." शेवटी चाचांनी हात टेकले. "मॅडम, ये टायर नहीं, तुम्हारा दामाद है. लेके जाओ घर को, खीर खिलाओ इसको!" दुकानातले सगळे हसले. मॅडमही हसल्या, पण पान्हा दुसराच घ्यायला लावला.

एकदा मी त्यांना विद्यापीठाकडच्या मोकळ्या मैदानात एकट्याच गाडीवर गोल गोल फिरताना पाहिलं. नुसत्या डावीकडं, कितीतरी वेळ. मला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. जवळ गेले तेव्हा त्यांनी गाडी थांबवून समजावलं. सरळ रस्त्यानं चालवून टायर मधोमध सपाट होतो, मग वळणावर गाडी अडखळते. म्हणून अधूनमधून वळणं द्यावी लागतात. पण चौकातला गोल फिरायचा तर कायद्यानं उजवीकडंच वळावं लागतं. "म्हणजे डाव्या बाजूवर अन्याय झाला की नाही?"

"पण मॅडम, अशानं टायर जास्तच झिजेल."

"झिजू दे. झिजणं वेगळं आणि वाकडं झिजणं वेगळं."

मी त्यांना घाबरट समजत होते. इतकी ताकदीची गाडी, आणि ही बाई सिग्नल दिसला की फर्लांगभर आधी ॲक्सिलरेटर सोडते, ब्रेक म्हणून लावत नाही. एका रविवारी मला मागं बसवून दौलताबादच्या रस्त्यानं नेलं. रविवारी गाडी काढायच्याच, कारण उभ्या टायरलाही म्हातारपण येतं. चढावर मी विचारलं, तुम्हाला कशाची इतकी भीती वाटते. त्यांनी कडेला थांबून मला खाली उतरवलं आणि चाक जिथं डांबराला टेकलं होतं तिथं आपला तळहात ठेवला. "बघ. एवढी जागा पुढच्या चाकाची, एवढी मागच्याची. तू, मी आणि ही गाडी, आपण तिघं दोन तळहातांवर उभे आहोत. बाकी सगळा आत्मविश्वास."

मला अण्णांचा टँकर आठवला. त्या दिवशी आम्ही लवकर परतलो. मीच म्हटलं, चला.

मार्च सरला आणि कॉलनीत टँकर यायला लागले. एक दिवस आमच्या गल्लीच्या पाळीला अण्णाच आले. बायका हंडे, ड्रम, पाइप घेऊन भांडत होत्या. अण्णा खाली उतरले, मागच्या चाकापाशी वाकले आणि काडीनं व्हॉल्व दाबला. फुस्स असा आवाज सुरू झाला. दोस्ताच्या अपघातापासून ते रोज दुपारी असंच करत होते. सगळा अड्डाच करत होता. उन्हाळ्यात हवा तापून फुगते, म्हणून थोडी सोडून द्यायची, टायर फुटत नाही. आमच्याकडं हे लहान पोरालाही माहीत असतं.

तो आवाज मॅडमच्या कानावर पडला. त्या कणकेच्या हातांनी धावत आल्या.

"अहो, काय करताय? सोडू नका! हवा सोडू नका!"

अण्णा दचकले. मी मध्ये पडून सांगितलं, हे माझे वडील. मॅडमनी कणकेचेच हात जोडले, "नमस्कार. काडी काढा आधी."

"बाई, उन्हाचं टायर फुगतंय. सोडावीच लागती."

"फुगू दे की. हवा तापली तर वाढणारच, टायर तेवढं सोसतो. कमी हवेत मात्र टायरचं पोट रस्त्यावर बसतं. दर फेऱ्याला दबतं, सुटतं. तार वाकवून वाकवून तुटायच्या आधी कशी गरम होते? तसं. त्यात वर हे पाणी. तुम्ही टायर वाचवत नाही आहात, शिजवताय."

"मह्या दोस्ताचं टायर फुटलं तवा मी मागं व्हतो," अण्णा शांतपणे म्हणाले. "म्या डोळ्यानं पाह्यलं."

"त्यानं पण हवा सोडली होती?"

अण्णांनी व्हॉल्वमधली काडी काढली. "समदेच सोडतेत."

गॅलरीतून काकू कडाडल्या, "अहो मॅडम, पाणी घेऊ द्या आधी! टायरला मागून ओवाळा!"

गल्ली हसली. अण्णांचा चेहरा उतरला. त्यांना बायकांसमोर कुणी शिकवलेलं लागलं असावं. त्यांनी काडी खिशात घातली आणि म्हणाले, "बाई, तुमचं शिक्षण मोठं हाय, मी नाय म्हणत नाय. पण मह्या गाडीचं फुटलं तर तुमी येताल का ष्टेरिंगवर?"

"येते," मॅडम म्हणाल्या. "उद्या सकाळी. अड्डा कुठं आहे?"

त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही. पुस्तकात मॅडमचं बरोबर होतं, ते मला कळत होतं. अण्णांनी फुटताना पाहिलं होतं, तेही खोटं नव्हतं. मला दोघांचंही पटत होतं, आणि दोघांपैकी कुणाचंही चुकलं तरी ष्टेरिंगवर अण्णाच होते.

सकाळी उजाडताना आम्ही शेंद्र्याच्या अड्ड्यावर पोचलो. ती निळी गाडी बघून ड्रायव्हर लोक चहाचे कप घेऊन गोळा झाले. मॅडम सरळ टँकरच्या मागच्या चाकांपाशी उकिडव्या बसल्या, गेज लावलं, मान हलवली आणि अण्णांना हवा भरायला सांगितली. थोडी. अजून थोडी. बास. आतला आणि बाहेरचा, दोन्ही टायर सारखे. एक ड्रायव्हर म्हणाला, "काय रं, आज सासू आणली व्हय गाडीला?" अण्णा हसले नाहीत. त्यांनी काडी माझ्या हातात दिली. "धर. मह्याजवळ ऱ्हायली तर मी सोडीन."

मग निघालो. पुढं टँकर, मागं आम्ही. विहिरीवर गेलो, टँकर भरला, शहराकडं वळलो. लांबच्या रस्त्यावर उधळायला बनवलेली ती गाडी गळक्या टँकरमागं पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये गुरगुरत होती. तिचा पंखा गरम वारा आमच्या पायांवर ओतत होता. टँकर हळू झाला की झोपड्यांतल्या बाया गळणाऱ्या धारेखाली डबे धरायला धावायच्या. मॅडमची मान मात्र एकाच जागी. मागचं चाक. मी पण तेच बघत होते. बघून बघून मला ते फुगल्यासारखं दिसायला लागलं.

दर खेपेला मॅडम हॉर्न द्यायच्या, अण्णा कडेला घ्यायचे. दोघं टायरवर हात ठेवायचे. पहिल्यांदा अण्णांनी भाजल्यासारखा पटकन मागं घेतला. मॅडमनी ठेवला. मग अण्णांनी परत ठेवला. ऊन वर चढत होतं आणि माझ्या मुठीत ती काडी घामानं ओली झाली होती. एका थांब्यावर अण्णांनी माझ्या मुठीकडं पाहिलं. मी मूठ पाठीमागं घेतली.

भर दुपारी, भरलेला टँकर उताराला लागला होता तेव्हा धडाम् असा आवाज झाला.

मला फक्त एवढंच आठवतं की मी किंचाळले, आणि मॅडमनी सगळे ब्रेक एकदम आवळले. त्या बाईनं, जी सिग्नललासुद्धा ब्रेक लावत नव्हती. गाडी करकरत घसरली, जळक्या रबराचा वास आला, रस्त्यावर काळा पट्टा उमटला. त्यांनी गाडी कशीबशी कडेला टेकवली आणि हेल्मेटसकट टँकरकडं धावल्या. मी मागं.

टँकर उभा होता. चारी मागचे टायर शाबूत. अण्णा केबिनमधून उतरून शेजारच्या डोंगराकडं बघत होते. नवीन रस्त्याच्या खडीसाठी तिथं सुरुंग लावत होते. धुळीचा लोट वर चढत होता.

"सुरुंग हाय," अण्णा म्हणाले.

मॅडमनी टँकरच्या प्रत्येक टायरवर हात फिरवला. एक, मग आतला, मग दुसरीकडचे. मग परत पहिल्यापासून. अण्णांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "बाई, बसा जरा सावलीला." टँकरच्या सावलीत त्यांनी स्वतःच्या बाटलीतलं पाणी मॅडमना दिलं. मॅडम घोट घेऊन म्हणाल्या, "मला वाटलं माझं चुकलं." अण्णा म्हणाले, "मला बी वाटलं." मग का कोण जाणे, दोघंही हसायला लागले. मला मात्र रडू आलं.

उन्हात सोडलेल्या आपल्या गाडीकडं मॅडमनी तेवढ्या वेळात एकदाही पाहिलं नाही. मी पाहिलं. मागचा टायर एका जागी घासून सपाट झाला होता. घरी येईपर्यंत प्रत्येक फेऱ्याला ती गाडी डग-डग करत राहिली. चाचांनी दोन दिवसांनी तो टायर फिरवून बघितला आणि गंभीर होऊन विचारलं, "दामाद को किसने मारा?" मॅडम म्हणाल्या, "मैंने ही." पुण्याहून नवा टायर यायला बरेच दिवस गेले. तोवर त्या बसनं फिरल्या, आणि बसमध्येही मागच्या चाकावरची सीट धरून बसायच्या, आवाज ऐकू येतो म्हणून.

अण्णांनी मॅडमचे आभार मानले नाहीत. आमच्याकडं तशी पद्धत नाही. ते पाणी घेऊन गल्लीत आले की आधी मॅडमचा ड्रम भरायचे, काकूंनी कितीही आरडाओरडा केला तरी. मॅडम तोपर्यंत टायरपाशी. दोघांचं बोलणं एवढंच:

"सकाळी गार असताना बघितली?"

"व्हय."

"दुपारी सोडली नाही ना?"

"कशानं सोडू? काडी पोरीकडं हाय."

अड्ड्यावर त्यांना सगळे हसले. पुढं हसता हसता दोघा-तिघांनी अण्णांसारखी सकाळीच हवा बघायला सुरुवात केली. बाकीचे दुपारी फुस्स करतच राहिले. अण्णा कुणाला शिकवायला गेले नाहीत. मॅडम असत्या तर गेल्या असत्या, आणि अड्ड्यावर भांडण झालं असतं.

माझी भीती एकदम गेली, असं खोटं सांगणार नाही. मिस्डकॉल येईपर्यंत पान एकच राहायचं. पण कॉल आला की आता पान उलटत होतं. एप्रिल, मे असेच ढकलले. प्रॅक्टिकलच्या दिवशी वायवामध्ये मला वायूचे नियम विचारले. मी दाब आणि तापमान सांगायला सुरुवात केली आणि भरलेल्या टँकरच्या मागच्या चाकापर्यंत पोचले. परीक्षक म्हणाले, बास, कळलं.

मॅडम पुढं भावाकडं पुण्याला गेल्या. घर विकलं, तिथं आता दुकानांचे गाळे आहेत. गाडी त्या स्वतः चालवत घेऊन गेल्या, टायर वाकडा झिजू नये म्हणून घाटाच्या रस्त्यानं, असं काकू सांगतात. मला ते खरं वाटतं.

नळाला पाणी आलं आणि शेठनं टँकर उभे केले, तेव्हा अण्णांच्या गाडीखाली तेच रिमोल्ड टायर होते. अण्णा दोन्ही पायांवर चालत गावी आईकडं गेले. मी बी.एस्सी. पास झाले.